हवाईतला लुआऊ : माणशी दोनशे डॉलर मोजावेत का?

खारीबिस्कीट | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, मार्चमध्ये लेकीच्या सुट्टीत हवाईतल्या ओआहू बेटावर चाललोय. सहा रात्री, मुक्काम वायकिकीला. आम्ही दोघं, लेक (वय ९) आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. विमान, हॉटेल, गाडी सगळं झालंय, घोडं अडलंय लुआऊपाशी (हवाईयन मेजवानी आणि सोबत नाचगाण्याचा कार्यक्रम). ज्याला विचारावं तो म्हणतो, हवाईला जाऊन लुआऊ नाही केला तर गेलात कशाला! करावा म्हटलं तर साधी जागा मोठ्यांना १९० डॉलर, लहानांना १४०. पुढे बसायचं तर वर आणखी पन्नासेक. टॅक्स, पार्किंग, टिप धरली की पाच जणांचे हजार डॉलर कुठे गेले नाहीत.

आईंच्या कानावर चुकून आकडा गेला. त्यांनी मनातल्या मनात पंच्याऐंशीने गुणलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात आपल्या गच्चीवर साठ पानं उठली असती, विड्यासकट."

त्यातून आई-बाबा शाकाहारी. बाबा अंडंही खात नाहीत. आणि लुआऊत मान डुकराचा. मी आणि नवरा सगळं खातो. लेक भात आणि केचप या दोन गोष्टींवर जगते.

कुणी केलाय का? खरंच काही पारंपरिक असतं, की नुसता पर्यटकांना गंडा? ऑस्टिनहून रोज रोज जाणं होत नाही, म्हणून जीव अडकलाय.

तर्री_वेगळी_द्या | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२५

आम्ही चार वर्षांपूर्वी एका बीच रिसॉर्टवर केला होता. नाव घेत नाही. कानाला खडा.

साडेचारला बोलावलं, सव्वापाचला आत सोडलं. गळ्यात शिंपल्यांची माळ घातली (खऱ्या फुलांची महागड्या तिकिटवाल्यांना), लगेच फोटो काढला, तोच फोटो जेवताना तीस डॉलरला विकायला आणला. आमचं टेबल ४२ नंबरचं. बुफेला टेबलाच्या नंबराने सोडतात, त्यामुळे आमची पाळी येईस्तोवर अननस तळाला गेलेला आणि ते नावाजलेलं कालुआ पोर्क (भट्टीत शिजवलेलं डुक्कर) गारढोण. बायको शाकाहारी. तिच्यापुढे उकडलेली ब्रोकोली, भात आणि टोफूचा एक चौकोन. समुद्र ओलांडून जाऊन ब्रोकोली! तिकीट मात्र पूर्ण घेतलं.

नाच उत्तम होता म्हणतात. आमच्यापुढे माडाचं खोड होतं.

माय ताय (रमचं कॉकटेल) तेवढी पाहिजे तितकी मिळत होती, त्यामुळे मला फार दुःख झालं नाही. गाडी बायकोने चालवली. ती अजून बोलते.

पोटभरू | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

माडाचं खोड!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

निळी_शाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

माय ताय हवाईची नाही. ट्रेडर व्हिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारमालकाने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बनवलेलं पेय आहे ते.

कार्यक्रमाच्या शेवटी पेटता सुरा गरागरा फिरवतात तो नाचही हवाईचा नव्हे, सामोआचा. मुळात नुसताच सुरा असायचा. त्याला आग लावायची कल्पना फ्रेडी लेतुली या सामोअन नर्तकाला १९४६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत सुचली, आणि ती म्हणे आग गिळणाऱ्या एका हिंदू कलाकाराला बघून! कमरेच्या वेगवान झटक्यांचा, ढोलांवरचा नाच ताहितीचा. जीभ काढून, मांड्या थोपटत करतात तो हाका न्यूझीलंडच्या माओरींचा. म्हणजे मंडळाच्या 'मराठमोळ्या संध्याकाळी' लावणी, मग गरबा आणि शेवटी भांगडा, तसं. मजा येते, पण तिकिटावर 'पारंपरिक हवाईयन' छापलं म्हणून भुलू नका.

अवांतर: कामेहामेहा तिसरा या राजाने १८४७ मध्ये दिलेल्या मेजवानीचा तपशील नोंदलेला आहे. २७१ डुकरं, पोईची (अळकुड्यांच्या पेजेची) ४८२ मोठी भांडी, २,२४५ नारळ. पाहुण्यांकडून तिकीट घेतल्याची नोंद नाही.

हिलोकर | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

धागा उशिरा दिसला. मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं बिग आयलंडवर हिलोला आहे. जरा सविस्तर लिहितो, मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

आधी नावाचं. लुआऊ म्हणजे अळूचं कोवळं पान. गंमत करत नाही. हवाईतला 'कालो' म्हणजे आपला अळूच, त्याच जातीचा. पानं नारळाच्या दुधात शिजवतात, त्यात कोंबडी नाहीतर माकूळ घालतात, त्या पदार्थालाही लुआऊच म्हणतात. मेजवानीला मुळात 'अहाआइना' किंवा 'पाइना' हे शब्द होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पदार्थाचं नाव अख्ख्या जेवणाला चिकटलं. आपण 'चला, मिसळीला' म्हणतो ना, त्यातला प्रकार.

आता पंगतीचं. खारीबिस्कीट, तुमच्या सासूबाईंनी पंगत काढली म्हणून सांगतो. इथे पूर्वी 'कापू' नावाचं कडक सोवळंओवळं होतं. बायका-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही. बायकांना डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी वर्ज्य. मोडलं तर देहदंड. १८१९ मध्ये कामेहामेहा पहिला वारला आणि त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. पण सूत्रं होती वडिलांच्या लाडक्या राणीच्या, काआहुमानूच्या हातात. तिने आणि लिहोलिहोच्या आईने रेटा लावला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोना किनाऱ्यावर मोठी मेजवानी झाली. बायकांचं पान वेगळं, पुरुषांचं वेगळं मांडलेलं. राजा घुटमळला, आणि मग उठून बायकांच्या पंगतीत जाऊन बसला नि जेवायला लागला. झालं. एका जेवणात शेकडो वर्षांचं कापू मोडलं. ख्रिस्ती मिशनरी आले ते पुढच्या वर्षी. एकत्र जेवणाचा आजचा लुआऊ त्या दिवसापासून सुरू झाला असं इथे मानतात.

माझ्या आजोळी गुहागरला मी लहान असेपर्यंत बायकांची पंगत दुपारी तीनला बसायची, उरलंसुरलं पुढ्यात घेऊन. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आजी आठवली.

आता खरा लुआऊ. तो तिकिटावर मिळत नाही. इथल्या घरांत बाळ वर्षाचं झालं की 'बेबी लुआऊ' करतात. बाहेरून आलेल्या गोवर-इन्फ्लुएन्झाच्या साथींत इथली लेकरं पटापट जायची, म्हणून एक वर्ष निभावलं की गाव जेवू घालायचं. शेजाऱ्यांच्या नातवाच्या वेळी मी इमू लावायला मदतीला होतो. इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. हातभर खोल खड्डा, त्यात कियावेची लाकडं, वर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड. भलता दगड घेतला तर तापून फुटतो, म्हणून दगड निवडायला घरातला म्हाताराच हवा. दगड लाल झाले की त्यावर केळीचे खांब ठेचून अंथरायचे. त्यांच्या पाण्याची वाफ होते, बाकी काही नाही. वर 'टी' नावाच्या झुडपाची (चहाची नव्हे) पानं, मग डुक्कर, त्याच्या पोटात दोन-चार तापलेले दगड, बाजूला रताळी नि ब्रेडफ्रूट (आपला विलायती फणस). पुन्हा पानं, ओली गोणपाटं, वर माती. कुठून वाफ निसटतेय का हे म्हातारा उकिडवा बसून बघत होता आणि दिसली की तिथे फावडंभर माती. रात्री पुरलं, सकाळी उकरलं. रायगडातल्या कुणी पोपटी लावली असेल तर त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे मडकं आणि भांबुर्ड्याचा पाला, इथे खड्डा आणि टीची पानं.

बाकी जेवण फॉइलच्या ट्रेमध्ये, घड्या घालायच्या टेबलांवर, कागदाच्या प्लेटा. मॅकरोनी सॅलडही होतं आणि कुणाच्या तरी मावशीने आणलेला जपानी पदार्थही. निघताना प्रत्येकाच्या हातात डबा. हुला (इथला पारंपरिक नाच) घरच्याच पोरींनी केला, बापाच्या युकुलेलेवर. पारंपरिक म्हणाल तर ते.

हॉटेलात पाचशे माणसं जेवतात. समोर इमूतून एक डुक्कर समारंभाने काढतात, त्याने पाचशेंचं काय होणार? बाकीचं स्वयंपाकघरात शिजलेलं असतं. फसवणूक नाही म्हणणार मी, पण माहीत असावं.

खारीबिस्कीट | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

हिलोकर, दंडवत! चहा घेता घेता आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. राजाच्या गोष्टीपाशी आई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अळू नारळाच्या दुधात? चिंच नाही, ताक नाही, मग घसा खाजत नाही का यांचा?"

उत्तर द्या बुवा. घरात तोच विषय चाललाय.

हिलोकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

नीट शिजलं नाही तर खाजतोच! पानं तासभर तरी उकळतात, पार गाळ होईपर्यंत. घाई केलेली इथे लगेच कळते, सगळे खाकरायला लागतात.

पोईचंही सांगून ठेवतो. अळकुड्या उकडून दगडी वरवंट्याने कुटून पाणी घालून केलेली जांभळट राखाडी पेज. ताजी असेल तर अळणी लागते, दोन-तीन दिवसांनी आंबते आणि मगच इथल्या लोकांना गोड लागते. पर्यटक चिमूटभर चाखतात, वॉलपेपरची खळ म्हणतात आणि फोटो काढतात. माझ्या शेजारणीला याचा फार राग येतो. कारण यांच्या कथेत आकाशपिता वाकेआचा पहिला मुलगा मृत जन्मला, त्याला पुरलं तिथे अळू उगवला. दुसरा मुलगा जगला, त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, असं त्या घरात अजून पाळतात. 'ओहाना' म्हणजे कुटुंब हा शब्दही 'ओहा'वरून आलाय, म्हणजे अळकुडीला फुटणारी पिल्लं.

पैठणी_आणि_स्नीकर्स | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:४८

मी विरुद्ध बाजूने बोलते. 'खरं' नाही म्हणून नाक मुरडण्यात मला अर्थ वाटत नाही. पुण्याजवळ हुरडा पार्टीला आपण माणशी पैसे मोजतोच ना? तिथली बैलगाडी आपल्यासाठीच जुंपलेली असते, संबळवाला दर शनिवारी येतो. तरी निखाऱ्यावरचा हुरडा तळहातावर चोळून तोंडात टाकला की तो हुरडाच असतो.

मी वीस वर्षं कथक करतेय, त्यामुळे माझा डोळा नाचाकडे. माउईवरचा ओल्ड लाहाइना लुआऊ आम्ही बघितला. २०२३ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात लाहाइना गाव जळलं, ही जागा वाचली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे आगीचा नाच नाहीच, कारण तो हवाईचा नाही. पूर्ण भर हुलावर. 'काहिको' म्हणजे जुना हुला, वाद्य म्हणून मुख्यतः भोपळा. दोन भोपळे जोडून केलेलं ते इपू जमिनीवर आपटायचं, तळव्याने थापटायचं आणि खड्या आवाजात ओव्या म्हटल्यासारखं म्हणायचं. गिटार-युकुलेलेवर होतो तो 'आउआना', अलीकडचा. काहिकोत एक बाई पाऊस दाखवत होती. बोटं खाली येताना टोकांशी अगदी किंचित थरथरत होती. मी ताटातलं विसरले.

हुलावर १८३० मध्ये बंदी आली होती. आणली कुणी, तर त्याच काआहुमानूने, ती ख्रिस्ती झाल्यावर! बायकांना पंगतीत बसवणारी हीच आणि नाच बंद पाडणारीही हीच. पुढे राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात राजवाड्याच्या आवारात हुला करवून घेतला आणि नाच पुन्हा उजळ माथ्याने बाहेर आला. हे डोक्यात ठेवून बघितलं की दोनशे डॉलर टोचत नाहीत. नुसतं जेवायला जाणार असाल तर टोचतील.

सदाशिव_पाटी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

टोचतील. नाच यूट्यूबवर आहे. अळू मंडईत आहे.

पैठणी_आणि_स्नीकर्स | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

@सदाशिव_पाटी, आणि दुपारी एक ते चार झोप आहे. दिवे घ्या (हलकंच घ्या).

गोदाकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री ८:१०

लहान मूल असेल तर ओआहूवरच्याच लाइए गावातल्या पॉलिनेशियन कल्चरल सेंटरचाही विचार करा. १९६३ पासून आहे, मॉर्मन चर्चचं. शेजारच्या त्यांच्या विद्यापीठातली मुलं तिथे काम करून शिकतात, बरीचशी खरोखर त्या त्या बेटांवरची. सहा बेटांच्या वेगळ्या 'वाड्या' आहेत, त्यामुळे निळी_शाई म्हणतात तशी भेसळ नाही, कुठला नाच कुणाचा ते स्पष्ट. आमच्या मुलाने तिथे एका सामोअन पोराला दगडाने टकाटक नारळ फोडताना बघितलं, घरी येऊन आमची फरशी फोडली. दारू मिळत नाही आणि रविवारी बंद. दिवसभर पायपीट आहे, आजी-आजोबांचे गुडघे बघून ठरवा. स्वस्त नाही.

हिलोकर | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

पैसे वाचवायचे तर दोन वेगळ्या गोष्टी करा. नाच फुकट बघा, जेवण बाहेर जेवा.

वायकिकीतच कुहिओ बीचवर ठराविक संध्याकाळी फुकट हुला असतो, मशाली लावून. वार आधी बघून घ्या. चटई न्या. फुकट म्हणून कमी समजू नका, चांगल्या हालाऊच्या (हुलाच्या शाळेच्या) मुली येतात. ही चालही जुनी आहे. १९३७ पासून २००२ पर्यंत वायकिकीला कोडॅकचा फुकट हुला शो चालायचा, तोही भर दिवसा, कारण रात्री कॅमेऱ्याचे रोल वाया जायचे!

जेवणाला होनोलुलूत हेलेनाज, १९४६ पासूनचं छोटं दुकान. पण तुमच्या आई-बाबांना तिथे फारसं काही नाही. त्यांना वाइआहोले पोई फॅक्टरीत न्या, बेटाच्या पूर्वेकडच्या रस्त्यावर आहे. तिथे कुलोलो मिळतं. किसलेल्या अळकुड्या, नारळाचं दूध, साखर, तासन्‌तास शिजवून. गोव्याचं दोदोल खाल्लं असेल तर त्याची चुलत बहीण समजा. वर हाउपियाचं, म्हणजे नारळाचं, आइस्क्रीम. शंभर टक्के शाकाहारी.

आणि लुआऊच करायचा तर बुकिंगआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा. टेबलं कशी लावतात, शाकाहारी माणसाला नक्की काय वाढतात (उत्तरात 'भाज्या' आलं तर ब्रोकोली समजा), आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा कुमू, म्हणजे गुरू, कोण. शेवटच्या प्रश्नावर फोनवरची व्यक्ती अडखळली तर फोन ठेवा.

निळी_शाई | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

अवांतर, पण राहवत नाही. हा कालाकाउआ १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला होता. कलकत्त्याहून रेल्वेने आला आणि मुंबईहून बोटीत बसला. हुलाला वाचवणारा राजा आपल्या मुंबईत येऊन गेलाय.

पोटभरू | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

खारीबिस्कीट, काय ठरलं ते येऊन लिहा. इथे लोक विचारून गायब होतात.

खारीबिस्कीट | २ एप्रिल, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. पोटभरू, आले बघा.

ठरवलं ते आईंनी. जायच्या आदल्या आठवड्यात नवरा म्हणाला, सोडून देऊ, फुकटचा हुला बघू. तर आई म्हणाल्या, "तुम्ही बापलेक बघा फुकटचा. आम्ही तिघी पंगतीला जातो." आई, मी आणि लेक. बाबांना सुटल्यासारखंच झालं. तीन तिकिटं, टॅक्ससकट ५४५ डॉलर, वर टिप. हॉटेलहून बसची सोय तिकिटातच होती, पार्किंग वाचलं.

हिलोकरांचे तीनही प्रश्न फोनवर विचारले. पहिल्या ठिकाणी कुमूच्या नावावर "होल्ड करा" म्हणाले, दहा मिनिटं युकुलेले ऐकवलं. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने नाव तर सांगितलंच, वर 'माझीच मावशी' म्हणाली. तिथेच बुक केलं. आईंसाठी कोंबडी न घातलेला लुआऊ करून देतो म्हणाले, आणि दिलाही. छोट्या वाडग्यात, काळपट हिरवा, वर नारळाच्या दुधाचा तवंग. आईंनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, मीठ मागितलं. मग सगळा संपवला. बाकी शाकाहारी म्हणाल तर जांभळी रताळी, भात, फळं आणि हाउपिया. पैशाच्या मानाने जेवण यथातथाच, ते मी मान्य करते. पोई आईंनी तोंड वाकडं न करता खाल्ली. "आंबवलेली पेज आहे, त्यात काय," म्हणाल्या. पलीकडचं जोडपं फोटो काढत होतं, त्यांच्याकडे जरा रागानेच बघितलं.

आगीचा नाच होता. लेक टेबलावर चढली. काहिको सुरू झाला तेव्हा भोपळ्याचा ठोका पायाखालच्या जमिनीत जाणवत होता. पैठणी, ती बोटांची थरथर मी मुद्दाम शोधली. आम्ही मागे होतो, नाही दिसली. पुढच्या जागेचे पन्नास वाचवले ते तिथे बोचले.

कुहिओ बीचवर बाप-लेकांनी बघितला तोही छान होता म्हणे. बाबा सगळ्यांना सांगतात, आम्हाला तेच फुकटात दिसलं. वाइआहोलेला मात्र सगळे गेलो. कुलोलोचे चार डबे घेतले, दोन गाडीतच संपले.

आणि शेवटच्या दिवशी होनोलुलूच्या चायनाटाउनमधून आईंनी अळूची जुडी उचलली. हॉटेलात दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर होतं. संध्याकाळी वायकिकीत सतराव्या मजल्यावर अळूवडी. स्मोक अलार्म वाजला नाही, नशीब.

तर्री_वेगळी_द्या | २ एप्रिल, रात्री ९:३३

बेसन आणि चिंच कुठून आणलीत?

खारीबिस्कीट | २ एप्रिल, रात्री ९:३५

आईंच्या बॅगेत होती. ऑस्टिनहून निघतानाच.